अधिकाराचा कागद

"बांगडे ताजे हायत हरीभाऊ, घेऊन जा. पन आदी सांग, कोनाच्या घरात शिजवनार? तुझ्या का दादूच्या?"

चिमानं हे हसत विचारलं. ती मला लहानपणापासून ओळखते आणि मस्करी केल्याशिवाय तिनं कधी मासळी विकलेली नाही. पण तिच्या पाटीपाशी बसलेल्या दोघी बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या तेव्हा मला समजलं, की ही मस्करी आज सकाळची नव्हे, हिला दोनतीन दिवस तरी झाले आहेत, आणि मांडवीच्या पुळणीवर ती शेवटी ऐकणारा मीच. मी सहा बांगडे घेतले. केळीच्या पानात गुंडाळून घेतले आणि चालू लागलो.  मागं वळून चिमाला शिवी द्यावी असं वाटत होतं, पण शिवी द्यायची तर ती मलाच द्यायला हवी होती. दादू मेला त्याला आठ वर्षं झाली. त्याची बायको मथुरा माझ्याशी पाट लावून माझ्या घरात आली त्याला सहा. मला तिच्यापासून दोन मुलं आहेत, मैना पाच वर्षांची आणि रघू दोन वर्षांचा. आणि आज एकतीस सालात, भर बाजारात, ही बाई कोणाची हा प्रश्न निघाला होता. तो निघावा अशी व्यवस्था मी स्वतः, स्वच्छ अक्षरात, समास सोडून, करून ठेवली होती.

मी बंदर कचेरीत कारकून आहे. बारा वर्षं मी कागद बघत आलो आहे. फत्तेमारी बंदरातून सुटायची तर तिचा कागद लागतो, तांडेलाला त्याचा दाखला लागतो, मालाला मालाचा. कागद नसेल तर माणूस कितीही दर्या प्यालेला असो, मी त्याला "बाजूला उभा रहा" म्हणतो आणि तो राहतो. ह्याची सवय लागते. मग बंदराबाहेरचं जगसुद्धा तसंच असावं असं वाटू लागतं. गावात देवळं सगळ्यांना उघडावीत, सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं अशा गोष्टी तेव्हा मोठमोठ्यानं चालल्या होत्या. आमच्या ज्ञातीनंही मंडळ काढलं. भागोजी तांडेल अध्यक्ष, मी चिटणीस. वरच्या आळीतल्या भटजींच्या पाया पडत कशाला जायचं, आपले विधी आपलीच माणसं करतील, पण शिकून करतील, असं मी पहिल्या सभेत बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, खोटं कशाला बोलू. देशावरून एक शास्त्री आणले. सहा महिने त्यांनी मारुतीच्या देवळात वर्ग घेतला. परीक्षा झाली, चार जण पास झाले, त्यांत गंगाराम पहिला. त्याला छापील अधिकारपत्र दिलं. त्यातला मजकूर माझा आणि खालची सही माझी. आणि नियम केला, की अधिकारपत्राशिवाय ह्यापुढे कोणी ज्ञातीत विधी करू नये.

हा नियम धाकूबुवासाठी होता. सगळ्यांना ते माहीत होतं आणि मीही ते लपवलं नव्हतं. धाकूबुवाला कोणी बुवा केलं ते कोणालाच सांगता येणार नाही. बाप थोडंफार करायचा, तो मेल्यावर हा करू लागला. बारसं असो, बोटीचं पूजन असो, मयत असो, लोक धाकूबुवाला हाक मारायचे आणि तो माडीचा वास घेऊन यायचा. अठरा सालच्या तापात माझा बाप गेला तेव्हा वरून कोणी खाली पुळणीवर उतरायला तयार नव्हतं. धाकूबुवा आला. त्या आठवड्यात अकरा माणसं त्यानं खांद्यावरून नेली, हे खरं आहे. पण माझ्या बापाच्या चितेपाशी तो झुलत होता हेही खरं आहे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बापाच्या तोंडात पाणी घालायला वाकलो तर त्याचा तोल जाऊन तो माझ्यावर पडला, आणि त्या आंबट वासानं मला भडभडून आलं. बापासाठी रडायचं ते राहिलंच. तेरा वर्षं झाली, तो वास आला की मला आधी बाप आठवतो आणि मग संताप येतो, आणि बापाच्या आठवणीबरोबर संताप यावा ह्याचा पुन्हा वेगळा संताप. पुढं बुवानं बायकोला, हौसाला, इतकं मारलं की ती वेळणेश्वरला माहेरी गेली ती परत आली नाही. मग ह्यानं पालीच्या बाजारातली एक बाई आणून घरात ठेवली, तिचा नवरा जिवंत असताना. तिच्यासाठी मी चौथा नियम लिहिला. परस्त्री घरात ठेवणाऱ्यानं विधी करू नये, मंडळात अधिकार धरू नये, त्याची सही ग्राह्य समजू नये. लिहिताना मला इतकं बरं वाटलं होतं, की मी तो मथुरेला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. "बरा लिवलात," म्हणाली आणि सूप पाखडायला घेतलं.

दादूची फत्तेमारी तेवीस साली दाभोळच्या तोंडाशी फुटली. तिचे सगळे कागद बरोबर होते, मीच तपासले होते. तांडेलाचा दाखला मुंबईचा होता. सात जणांपैकी चार जण वाचले, दादू सापडला नाही. वाचलेल्यांनी त्याला लाटेखाली जाताना पाहिलं होतं, पण वरच्या आळीतले भटजी म्हणाले, प्रेत नाही, तेव्हा शास्त्राप्रमाणं बारा वर्षं वाट पाहायची, मग पुतळा करून जाळायचा. बारा वर्षं. मथुरा तेव्हा बावीस वर्षांची होती. तिनं बारा वर्षं कुंकू लावून बसायचं, आणि तिला कोणी सधवा म्हणून ओटी भरायला बोलवायचं नाही आणि विधवा म्हणून तिची कीवही करायची नाही. दादू माझ्या शेजारचा. मी रोज कचेरीत जाताना तिला उंबऱ्यापाशी बसलेली बघायचो. चौदा महिने बघितली. मग कोणीतरी धाकूबुवाकडे गेलं आणि तो म्हणाला, "बारा वर्सां? दर्याला येवडा येळ लागत नाय." आणि अमावास्येला पुळणीवर त्यानं दादूचा पुतळा मांडला. पळसाची पानं आणि दर्भ, आणि डोक्याच्या जागी नारळ. मी तिथं होतो. बुवा प्यालेला होता. मंत्र म्हणता म्हणता अडखळला, थांबला, डोळे मिटून तसाच उभा राहिला. हात लागून नारळ निसटला आणि उतारावरून गडगडत पाण्यात गेला. बुवा हसला. मयताचं डोकं लाटेवर हेलकावतंय आणि हा हसतोय. मी दात चावत बसून राहिलो, सगळेच बसून राहिले, कोणी काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. मथुरा उठली, गुडघाभर पाण्यात शिरली, नारळ उचलला आणि आणून पुतळ्याच्या खांद्यांवर ठेवला, आणि ओल्या लुगड्यानिशी परत जागेवर जाऊन बसली. तेव्हा बुवानं डोळे उघडले. मंत्र सोडून दिले आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. "बा दर्या म्हाराजा, ह्यो दादू तुजा झाला. ही मथुरा आमची ऱ्हायली. तुजा तुला, आमचा आमाला." सगळी पुळण "व्हय म्हाराजा" म्हणाली. मीसुद्धा म्हणालो, आणि म्हणताना मला पहिल्यांदा कळलं की मला ही बाई हवी आहे.

घरी आलो तेव्हा ती मागल्या दारी भांडी घासत होती. बांगडे ठेवले. ही मस्करी आमच्या नियमातूनच निघाली असणार, म्हणून विचारलं, गंगाराम आला होता का? "परवा इलेला," ती म्हणाली. परवा. दोन दिवस ती हे घेऊन घरात वावरत होती आणि मला तिनं सांगितलं नव्हतं. मग तिनं जे सांगितलं ते असं, की धाकूबुवाला अधिकार नव्हता म्हणून त्यानं केलेलं सगळं रद्द. सगळं पुन्हा करायचं, यादी केली आहे, पहिलं नाव दादूचं. पुतळा पुन्हा जाळायचा. त्यासाठी मथुरेनं दहा दिवस दादूची बायको म्हणून बसायचं, आधी त्याच्या नावानं बांगड्या भरायच्या, मग फोडायच्या. तेवढे दिवस मी दुसरीकडे राहायचं. मग प्रायश्चित्त, आणि मग वाटल्यास पुन्हा पाट लावायचा. गंगाराम पडवीत नीट बसून, हात जोडून, काकी म्हणून हे सगळं बोलला होता. "मी इचारला, पोरां कोनाची म्हनायची दहा दिवस? बोलला, पोरांचा मागनं बगू." एवढं सांगून ती राखेनं टोप घासत राहिली.  मैना पायरीवर बसून करवंटीत माती भरत होती. पोरांचं मागून बघू! माझ्या सहीचा कागद खिशात घालून हा पोरगेला माणूस माझ्या पडवीत बसतो आणि माझ्या मुलांचं मागून बघतो. मी म्हणालो, आज चार वाजता सभा आहे, बघतो एकेकाला. मथुरेनं हात थांबवला. "काय बगायचा ता बगा. पन माजा नाव सबेत काडू नका," ती म्हणाली. "मना तितं नेऊन उबी करू नका." मी बरं म्हणालो. रागात माणूस कशालाही बरं म्हणतो.

दुपारी जेवलो नाही. बांगडे रात्रीला ठेव म्हणालो. माळ्यावर पडून राहिलो आणि एकेकावर चिडत गेलो. शास्त्रीबुवांवर चिडलो, पण ते तर शिकवून निघून गेले होते. गंगारामवर चिडलो, पण त्याचं काय चुकलं? तो पीत नाही, खोटं बोलत नाही, सहा महिने पहाटे उठून त्यानं पाठ केलं. नियमात लिहिलंय तसंच तो चालला होता. नियमाप्रमाणं चालणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. कचेरीत बाजूला उभे केलेले तांडेल मला काय म्हणत असतील ते त्या दुपारी समजलं. मग धाकूबुवावर चिडलो, सगळ्यांत जास्त. हा माणूस नीट राहिला असता, एक दिवस, फक्त माझ्या बापाच्या दिवशी आणि दादूच्या दिवशी, कोरड्या तोंडानं आला असता तर मला हा नियम सुचलाच नसता. ज्याच्यामुळं आपली सुटका झाली तो माणूस इतका घाणेरडा का असावा? मथुरा मला मिळाली ती ह्याच्या गाऱ्हाण्यामुळं. ते खोटं म्हणावं तर मी चोर, आणि खरं म्हणावं तर माझ्या बापाच्या चितेपाशी आलेला तो वास मला माफ करावा लागतो. माफ करायची माझी तयारी नव्हती. आजही नाही.

मारुतीच्या मंडपात साठसत्तर माणसं होती. बायका बाहेर पाराशी. धाकूबुवा खांबाला टेकून बसला होता, दाढी केलेली, धुतलेला सदरा. प्यालेला नव्हता, म्हणून त्याचे हात कापत होते. गंगाराम उभा राहिला आणि चांगलं बोलला. त्याचा आवाज खणखणीत आहे. मग त्यानं बुवाकडे वळून विचारलं, "बुवा, तुमी शिकलात कोनाकडनं?"

"बापाकडनं. थोडा."

"आनि बाकीचा?"

"बाकीचा मेलेल्यांकडनं," बुवा म्हणाला. 

"दादूच्या दिवशी प्याला होतात?"

"व्हय."

"मंत्र पुरे झाले?"

"नाय झाले. आटवला नाय." त्यानं मान वर केली. "मी बोललो माज्या मनातला. त्येवा तेवडाच होता."

भागोजी तांडेल माझ्याकडे वळले. "आता आनखी काय ऱ्हायला? बुवा सोताच बोलला. चिटनीस, ठराव लिवा. मागचे इधी रद्द, दादूपासून सुरवात." त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. सभा आटपून त्यांना भरतीच्या आत होडी ओढायची होती. मी बुवाकडे बघितलं. तो निमूट बसला होता. स्वतःसाठी एक शब्द बोलायला तयार नव्हता. उठ की, मला ओरडावंसं वाटलं, अकरा माणसं नेलीस म्हणून सांग की! तो उठला नाही. मी दौतीत टाक बुडवला, कागदावर तारीख घातली, आणि मग माझ्या हातून काय झालं ते माझं मलाच थांबवता आलं नाही.

"लिहितो," मी म्हणालो. "पण मग सगळंच लिहितो. दादूचा विधी रद्द. म्हणजे दादू मेला नाही. म्हणजे मथुरा दादूची बायको. बरोबर? आणि ती सहा वर्षं माझ्या घरात आहे. म्हणजे मी परस्त्री ठेवलेला माणूस. चौथा नियम काढा. भागोजीकाका, वाचता येत नसेल तर मी वाचतो. परस्त्री घरात ठेवणाऱ्यानं मंडळात अधिकार धरू नये, त्याची सही ग्राह्य समजू नये. माझी सही! गंगाराम, काढ तुझं अधिकारपत्र. खाली सही कोणाची आहे? दाखव सगळ्यांना. परस्त्री ठेवणाऱ्या हरिश्चंद्राची. तुझा कागद रद्द. चौघांचेही रद्द. हा ठरावसुद्धा मीच लिहितोय, तोही रद्द. आता बोलवा कोणाला बोलवायचं ते, आणि जाळा पुतळे."

 मागून एकजण फिस्सकन हसला, आणि मग भागोजी तांडेल इतके हसले की त्यांना खोकला लागला. "ऱ्हावदे, ऱ्हावदे," ते हात हलवत म्हणाले, "मागचा झाला ता झाला, खरा धरा. फुडचा गंगाराम करील." सगळ्यांनी माना डोलावल्या. गंगारामचं तोंड लाल झालं होतं. त्यानं अधिकारपत्र खिशातून अर्धं काढलं होतं, ते तसंच परत आत घातलं. मी जिंकलो होतो. पण राग उतरायच्या ऐवजी वाढतच होता. बुवापाशी गेलो आणि म्हणालो, "ह्यापुढं पिऊन विधीला आलात तर माझ्याशी गाठ आहे." बुवा खांब धरून उठला. "मी येनारच नाय आता," तो म्हणाला, "गंगारामला बलवा. त्येचा पाठांतर बरा हाय." मग माझ्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाला, "हरी, बापाच्या येळला मी तुज्या अंगावर पडलो होतो. ता मना आटवता." आणि तो गेला. त्याच्या तोंडाला कसलाच वास नव्हता. तेरा वर्षं मी ज्या गोष्टीवर संताप पोसला ती ह्या माणसाला आठवत होती, आणि मला त्याचंही बरं वाटलं नाही. उलट माझ्याकडून कोणीतरी काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं झालं.

दिवेलागणीला घरी पोचलो. पायऱ्या चढतानाच सांगायला सुरुवात केली, की मिटलं सगळं, आता कोणी तुला काही विचारणार नाही. मथुरा चुलीपाशी होती. कालवण उकळत होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"माजा नाव काडलात?"

सभेतून माझ्याआधी बायका येऊन गेल्या होत्या तर. "काढावं लागलं," मी म्हणालो, "त्याशिवाय त्यांना..."

"परस्त्री बोललात?"

"तो नियमातला शब्द आहे. मी तसं म्हणालो नाही, मी त्यांना दाखवत होतो की..."

"सत्तर मानसांत बोललात. नि मानसां हसली." आता ती वळली. रडलेली नव्हती. सहा वर्षांत तिला मी इतकी चिडलेली बघितली नव्हती. "गंगाराम मना दहा दिवस दादूची करनार होता. तुमी मना सबेत नेलात नि सगळ्यांची केलात. त्या दिवशी नारळ पान्यात गेला. बुवा हसत होता, तुमी बसून होतात. मी जाऊन आनला नि ठेवला. कोनाला इचारला होता मी? माज्याकडं कागद होता? दादूला मी सोडला. मी. बुवा निस्ता संगं उबा ऱ्हायला, म्हनून त्येला मी मानते, पिऊ दे नायतर मरू दे. तुमी सगळे कोन वो, मी कोनाची ता ठरवनारे?"

मैना आणि रघू भिंतीशी पाटावर येऊन बसले होते. मथुरेनं त्यांना भात वाढला, वर कालवण घातलं, बांगड्यातले काटे काढून रघूच्या हातावर एक तुकडा ठेवला. मग डाव टोपात ठेवून ती म्हणाली, "चिमा सकाळी इचारीत होती म्हनं, बांगडे कोनाच्या घरात शिजनार. गाठ पडली की सांगा तिला. मथुराच्या."

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो, हातात मंडळाची वही. आत या असं ती म्हणाली नाही. रघूनं तोंड भरलेलं असतानाच मला हाक मारली, आणि तिनं त्याला जेवताना बोलू नये म्हणून सांगितलं.